दहाव्या खंडापाशीं अडलेला वाचक

चातुर्मासांत देवळाच्या ओंवरींत पुराण ऐकावयास बसलेल्या श्रोत्याला उद्यां काय होणार याची चिंता नसते. कर्णाच्या रथाचें चाक भूमींत रुतणार हें त्याला लहानपणापासून ठाऊक असतें. पुराणिकबोवांनीं आज पोथी बांधली आणि उद्यां पुन्हां सोडली, तरी मधल्या रात्रीं त्याची झोंप उडत नाहीं. कादंबरीच्या वाचकाचें तसें नाहीं. आणि जी कादंबरी तुकड्यातुकड्यानें प्रसिद्ध होते तिच्या वाचकाचा जीव तर प्रत्येक तुकड्याच्या शेवटीं टांगलेला राहतो. 'करमणूक' पत्र १८९० सालीं निघालें आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांतून क्रमशः येऊं लागली, तेव्हां मराठी वाचकानेंही हा जाच चाखला; पण तेथें वाट पाहावयाची ती आठवड्याची. ज्या वाचकाची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्यानें दोन दोन वर्षें वाट पाहिली, आणि अखेर जें पुस्तक हातीं आलें त्यानें तो असा संतापला कीं, त्या पुस्तकापेक्षां त्या संतापाचीच चर्चा अधिक झाली.

ही हकीकत अमेरिकेंतील आहे. तेथील चार्ल्स्टन शहरीं १९४८ सालीं जन्मलेले जेम्स ऑलिव्हर रिग्नी हे गृहस्थ व्हिएतनामच्या युद्धांत हेलिकॉप्टरमधून बंदूक चालवून परत आले, पदार्थविज्ञान शिकले, कांहीं काळ आरमाराकडे अणुशक्तीचे अभियंते म्हणून राहिले, आणि पुढें रॉबर्ट जॉर्डन या टोपणनांवानें लिहूं लागले. 'द व्हील ऑफ टाइम', म्हणजे कालचक्र, ही त्यांची अद्भुतरम्य कथामाला. हें नांव भारतीय वाचकास परकें वाटूं नये. सात युगें एकामागून एक फिरत राहतात, गेलेलें युग विस्मृतींत जाऊन पुन्हां उगवतें, आणि माणसें नवा जन्म घेऊन जुनेंच कार्य पुढें चालवितात, अशी या कथेची बैठक आहे. हिंदु युगकल्पनेचें ऋण तिच्यावर उघड दिसतें, आणि ग्रंथकारानेंही तें लपविलें नाहीं.

मूळ संकल्प तीन खंडांचा होता. प्रकाशक टॉम डोहर्टी यांनीं लेखकाचा स्वभाव ओळखून करार केला तो सहा खंडांचा. प्रत्यक्षांत मुख्य कथा चौदा खंडांपर्यंत गेली. तिचे शब्द सुमारें ४४ लक्ष भरतात आणि नांवानिशीं येणारीं पात्रें दोन हजारांहून अधिक आहेत. पहिला खंड जानेवारी १९९० मध्यें निघाला, दुसरा त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, आणि सहावा १९९४ सालीं. म्हणजे पहिल्या सहा खंडांना पुरतीं पांच वर्षेंही लागलीं नाहींत. येथवर वाचकाची तक्रार नव्हती. त्यापुढें मात्र पाऊल मंदावूं लागलें. सातवा खंड १९९६ सालीं, आठवा १९९८ सालीं, नववा २००० सालीं. कारण उघड होतें. आरंभीं एका खेड्यांतून निघालेलीं चारपांच तरुण माणसें एकत्र प्रवास करीत होतीं, आणि त्यांच्यामागें कथा चालत होती. पुढें तीं पांगलीं. एक राजा झाला, एक सेनापति झाला, एक धर्मपीठाची अधिकारीण झाली. प्रत्येकाभोंवतीं दरबार, फौजा, कारस्थानें जमलीं. एका पात्राला एक पाऊल पुढें टाकावयाचें म्हणजे शंभर पानें खर्चीं पडूं लागलीं.

तरीही नवव्या खंडानें वाचकाला मोठीच मेजवानी दिली. या कथेच्या जगांत विश्व चालविणारी जी आदिशक्ति आहे तिचे दोन अर्धभाग आहेत. एक स्त्रियांनीं वापरावयाचा आणि एक पुरुषांनीं. तीन सहस्र वर्षांहून अधिक काळापूर्वीं तमोराजानें पुरुषांचा अर्धभाग विटाळून टाकला, आणि तेव्हांपासून तिला हात घालणारा प्रत्येक पुरुष आज ना उद्यां वेडा होऊन मरतो. कथेचा नायक रँड हाही त्याच वाटेनें चाललेला. 'विंटर्स हार्ट' या नवव्या खंडाच्या शेवटीं तो एका वैद्यविद्येंत निपुण अशा स्त्रीच्या साह्यानें तो विटाळ धुऊन काढतो. दोन प्रचंड पुतळ्यांच्या द्वारें पूर्वीं कधीं कोणी ओढली नव्हती एवढी शक्ति ओढली जाते, शत्रु चोहोंकडून तुटून पडतात, आणि काम तडीस जातें. येथें खंड संपला. जगाचा मूळ रोगच बरा झाला. आतां पुढें काय? वाचकानें हा प्रश्न उशाशीं घेऊन दोन वर्षें आणि दोन महिने काढले.

ता. ७ जानेवारी २००३ रोजीं दहावा खंड आला. त्याचें नांव 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'. 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्राच्या खपाच्या यादींत तो पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. ज्यांनीं पहिले नऊ खंड वाचले होते त्यांतील बहुतेकांनीं तो हातांत घेतला असें म्हटलें तरी चालेल, कारण नऊ खंड न वाचतां दहावा विकत घेणारा मनुष्य मिळणें कठीण.

आणि मग वाचकाच्या ध्यानांत आलें कीं, हा खंड पुढें जातच नाहीं. पेरिन या पात्राची पत्नी शत्रूंनीं पळवून नेलेली, आणि तो तिचा माग काढीत बर्फांतून हिंडतो आहे. खंडाच्या आरंभीं तो तिला शोधीत होता, शेवटींही शोधीतच आहे. मॅट हा एका साम्राज्याच्या वारसदार राजकन्येला बरोबर घेऊन फिरत्या सर्कशींत लपून चाललेला, तो चाललेलाच राहतो. इलेन राजसिंहासनासाठीं सरदारांचीं मनें वळवीत बसली आहे. तिच्या स्नानाचें वर्णन तर अशा विस्तारानें आलें आहे कीं, पुढें तें थट्टेचा विषय होऊन बसलें. एग्वीन ही शत्रूच्या ताब्यांतील नगरीला वेढा घालून छावणींत मसलती करते. खुद्द नायक रँड अगदीं थोडा वेळ दर्शन देऊन जातो. अखेरच्या पानांत मात्र एक गोष्ट घडते. बंदराची लोखंडी सांखळी आपल्या शक्तीनें अभेद्य करीत असतां एग्वीन पकडली जाते, आणि लागलाच खंड संपतो. म्हणजे जी एक नवी घटना घडली, तीही वाचकाला पुढच्या खंडाचें ऋणको करून गेली.

वाचक चिडला. परीक्षणें आलीं तीं बहुतेक उद्वेगाचीं. कोणी पानें मोजून दाखविलीं, कोणी रेशमी झग्यांचीं आणि चहाच्या पेल्यांचीं वर्णनें मोजलीं. प्रकाशकाला पैसा हवा म्हणून कथा ताणली जात आहे असा आरोप झाला. लेखकाला आतां आपल्या पसाऱ्याचें टोंक सांपडत नाहीं असाही झाला. बाजूनें बोलणारे थोडे होते. त्यांचें म्हणणें असें कीं, युद्ध म्हणजे निव्वळ लढाया नव्हेत. दाणागोटा, थंडी, निरोप्यांची वाट पाहणें, हेंच त्यांतील बहुतेक आयुष्य असतें, आणि तें प्रत्यक्ष रणांगण पाहिलेल्या लेखकानेंच लिहावें. या म्हणण्यांत तथ्य आहे. किडे पडलेलें धान्य विकत घ्यावयास पेरिन एका भयग्रस्त गांवीं जातो, तें प्रकरण फौजेच्या पोटाचा प्रश्न ज्यानें जवळून पाहिला त्यालाच सुचावें असें आहे.

पण हा बचाव पुरा पडत नाहीं. या खंडाच्या रचनेंतच एक दोष आहे, आणि तो केवळ संथपणाचा नव्हे. नवव्या खंडाच्या अंतीं शक्तिशुद्धीचा जो प्रसंग घडला, त्याच दिवसाच्या आसपास दहाव्या खंडांत निरनिराळ्या पात्रांच्या कथा पुन्हां मागें जातात. शेंकडों कोसांवर, निरनिराळ्या ठिकाणीं, एकामागून एक पात्र मान वर करून दूर क्षितिजाकडे पाहतें. तेथें कांहीं तरी अचाट शक्ति जळते आहे असें त्याला जाणवतें, आणि हें काय असावें असा तर्क तें करीत बसतें. मागें जाऊन सांगणें हा कांहीं गुन्हा नाहीं. महाभारतांत संजय रणांगणावरून परत येतो आणि भीष्म पडले ही वार्ता प्रथम सांगतो. मग मागें जाऊन दहा दिवसांचें युद्ध वर्णन करतो. श्रोत्याला शेवट कळलेला असतो, तरी तो कान टवकारून ऐकतो, कारण धृतराष्ट्राचा प्रश्नच त्याच्या मनांत असतो: असा वीर पडला तरी कसा? जॉर्डन यांच्या या खंडांत प्रश्नच उरलेला नाहीं. क्षितिजावर काय जळत आहे हें वाचक दोन वर्षांपासून जाणतो. न जाणणारीं आहेत तीं पात्रें. एकदां, दोनदां हा प्रकार मौजेचा वाटतो. पुढें पुढें मात्र, आपल्याला ठाऊक असलेली बातमी दुसऱ्यांना कळेपर्यंत दारांत उभें राहावें तशी वाचकाची स्थिति होते. पुढें एका मुलाखतींत, ही योजना आपल्याला वाटली होती तितकी साधली नाहीं असें जॉर्डन यांनीं स्वतःच मान्य केलें. नामवंत लेखकाच्या तोंडून असा कबुलीजबाब क्वचितच निघतो.

या संतापांत एका गोष्टीकडे मात्र वाचकाचें दुर्लक्ष झालें. पेरिन हा मूळचा लोहाराकडील उमेदवार. पहिल्याच खंडांत त्याच्या हातीं एक कुऱ्हाड येते, आणि ती वापरावयाची त्याला किळस वाटते. तेव्हां रानांत भेटलेला एक वडीलधारा माणूस त्याला सांगतो कीं, जोंवर या शस्त्राचा तुला तिटकारा आहे तोंवर तें खुशाल बाळग. ज्या दिवशीं तिटकारा वाटेनासा होईल त्या दिवशीं तें फेंकून दे. दहाव्या खंडांत पत्नीच्या शोधानें कासावीस झालेला हा सालस तरुण एका कैद्याकडून माहिती काढण्यासाठीं त्याच कुऱ्हाडीनें त्याचा हात तोडतो. भोंवतालची माणसें स्तब्ध होतात. मग तो दूर जातो, हातांतल्या शस्त्राकडे पाहतो, आणि तें फेंकून देऊन पुन्हां न उचलतां निघून जातो. १९९० सालीं दिलेला उपदेश २००३ सालीं अंमलांत आला. साऱ्या मालिकेंत याच्या तोडीचे प्रसंग फार नाहींत; आणि युद्धांत स्वतः बंदूक चालविलेल्या लेखकानें तो लिहिला आहे हेंही विसरतां येत नाहीं. पण रागावलेला वाचक येथें पोहोंचला तो आधींचीं शेंकडों पानें कपाळाला आंठ्या घालून उलटीत. त्याच्या मनांत एकच हिशेब चालू होता: पत्नी सांपडली कीं नाहीं? नाहीं! म्हणजे आणखी दोन वर्षें!

हा हिशेब महत्त्वाचा आहे. सातशें पानांच्या आसपासचा ग्रंथ वाचावयास मनुष्याला आठवडा किंवा पंधरवडा लागतो. त्यांत कांहीं घडलें नाहीं म्हणून फुकट गेला तो पंधरवडा. परंतु क्रमशः वाचणाऱ्याचें नुकसान पंधरवड्याचें नसतें. मागचे सव्वीस महिने आणि पुढचे तितकेच, असें चारसाडेचार वर्षांचें असतें. पहिला खंड शाळेंत असतां वाचलेला मुलगा दहावा खंड येईतों नोकरीला लागलेला, कदाचित् संसारी झालेला असतो. त्याच्या आयुष्याचा तेवढा काळ या कथेला जोडलेला असतो, आणि कथा जागच्या जागीं उभी राहिली कीं आपलाच काळ कोणीं अडवून धरला असें त्याला वाटतें. पुस्तकावर रागावलेला हा वाचक पुष्कळ अंशीं पंचांगावर रागावलेला असतो.

इंग्लंडांत टोल्किन यांच्या वाचकांनाही असा अनुभव आला होता, पण सौम्य प्रमाणांत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा त्यांच्या मतें एकच ग्रंथ. कागदाची महागाई आणि प्रकाशकाची सावधगिरी यांमुळें तो तीन भागांत निघाला. दुसरा भाग नोव्हेंबर १९५४ मध्यें आला, आणि त्याच्या शेवटीं नायक शत्रूच्या हातीं सांपडलेला. तिसरा भाग ऑक्टोबर १९५५ मध्यें निघाला. अकरा महिने तो नायक कैदेंत राहिला. तरी तेथें कथा लिहून पुरी झालेली होती. वाट पाहावयाची ती परिशिष्टांची आणि छापखान्याची. जॉर्डन यांचा वाचक जिची वाट पाहत होता ती कथा अद्यापि एका माणसाच्या मस्तकांत होती.

त्यांतच २००४ सालीं पुढचा खंड न येतां आधींच्या काळची एक छोटी पूर्वकथा पुस्तकरूपानें आली, आणि वाचकाच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखें झालें. लेखक कथा पुरी करण्यापूर्वींच मरेल अशी कडवट थट्टा या सुमारास वाचकांत चाले. ऑक्टोबर २००५ मध्यें अकरावा खंड 'नाईफ ऑफ ड्रीम्स' आला. त्यानें मागचा सारा राग धुऊन काढला. पेरिनला त्याची पत्नी मिळाली, मॅटचें लग्न लागलें, इलेनला सिंहासन मिळालें. अडलेली गाडी एकदम उताराला लागावी तसें झालें. आतां एकच खंड, मग तो कितीही जाडजूड होवो, असें जॉर्डन सांगत होते.

१९०६ नव्हे, २००६ साल हें. वैद्यकशास्त्र पुष्कळ पुढें गेलेलें. तरी त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत त्यांनीं वाचकांना कळविलें कीं, आपल्याला अमिलॉइडोसिस नांवाचा रक्ताचा दुर्मिळ विकार जडला असून हृदय दुबळें झालें आहे. औषधोपचार चालू असतां ते लिहीत राहिले. लिहिणें होईना तेव्हां त्यांनीं घरच्या माणसांना जवळ बसवून कथेचा शेवट तोंडीं सांगितला आणि तो नोंदवून घेण्यांत आला. ता. १६ सप्टेंबर २००७ रोजीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं ते वारले. ज्यांनीं ती थट्टा केली होती त्यांना ती आतां कशी बोंचली असेल याची कल्पना करावी.

जॉर्डन यांच्या पत्नी हॅरिएट मॅक्डूगल याच त्यांच्या संपादिका होत्या. पतीच्या निधनानंतर ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकानें लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख त्यांच्या वाचनांत आला. हा गृहस्थ शाळकरी वयांत पहिला खंड विकत घेऊन या कथेच्या नादीं लागलेला, आणि तेव्हांपासून इतरांप्रमाणेंच वाट पाहत आलेला. त्याची एक कादंबरी वाचून पाहून हॅरिएटबाईंनीं उरलेलें काम त्याच्यावर सोंपविलें. वाचक म्हणून जो दहाव्या खंडापाशीं थांबला होता त्यालाच पुढचे खंड लिहावे लागले! त्याच्यापुढें टिपणें होतीं, ध्वनिमुद्रित संभाषणें होतीं, आणि जॉर्डन यांनीं स्वतः लिहून ठेवलेला शेवटचा प्रसंग होता. एक खंड ठरला होता त्याचे तीन झाले, ते २००९, २०१० आणि २०१३ सालीं निघाले. पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत तेवीस वर्षें गेलीं.

आज या कथेकडे प्रथम वळणारा वाचक चौदाही खंड एका फळीवर मांडून बसतो. त्याला दहावा खंड संथ वाटतो, पण रडकुंडीस आणीत नाहीं. कंटाळा आला तर तो हात लांब करून अकरावा खंड उघडतो. क्षितिजावरील ज्वालेकडे पुनःपुन्हां पाहणारीं पात्रें त्यालाही खटकतात, कारण तो दोष पुस्तकाचा आहे. मात्र चार वर्षांचा हिशेब त्याच्या मनांत नसतो. कित्येक जुन्या वाचकांनींही मालिका पुरी झाल्यावर हा खंड पुन्हां वाचला, आणि त्यांना तो पूर्वीं वाटला त्याहून बरा वाटला. अक्षर न् अक्षर तेंच होतें.

सँडरसन यांनीं पुरा केलेल्या तेराव्या खंडांत पेरिन पुन्हां भट्टीपाशीं उभा राहतो आणि स्वतःसाठीं एक हातोडा घडवितो. पुस्तकें ओळीनें वाचणाऱ्याला तेव्हां, कांहीं आठवड्यांपूर्वीं एका गोठलेल्या रानांत टाकून दिलेली कुऱ्हाड लगेच आठवते. ज्यानें ती २००३ सालीं चिडून वाचली होती आणि हा हातोडा २०१० सालीं हातीं घेतला, त्याला बहुधा फळीवरून तो जुना दहावा खंड काढून पान शोधावें लागलें.